कनिष्ठ महिलांची जागतिक हॉकी स्पर्धा : एका वयोरेषेचा इतिहास

१

क्रीडास्पर्धांचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या यादीच्या रूपाने लिहिला जातो. वर्ष, स्थळ, विजेता आणि उपविजेता असे चार रकाने भरले की तो इतिहास पुरा झाला, असे समजण्याचा प्रघात आहे. कनिष्ठ महिलांच्या जागतिक हॉकी स्पर्धेची अशी यादी तयार करणे मुळीच अवघड नाही. १९८९ साली कॅनडातील ओटावा येथे ही स्पर्धा प्रथम भरली आणि पश्चिम जर्मनीने ती जिंकली. तेव्हापासून ती ठरावीक वर्षांच्या अंतराने भरत आली आहे. परंतु या यादीतून स्पर्धेचा खरा विषय हाती लागत नाही. या स्पर्धेत कोणी खेळावे हे प्रथम कौशल्याने ठरत नाही, ते जन्मतारखेने ठरते. कौशल्याचा प्रश्न त्यानंतर येतो. म्हणूनच या स्पर्धेच्या इतिहासाकडे एका वयोरेषेचा इतिहास म्हणून पाहणे अधिक उचित होईल.

या रेषेचे नाव मराठीत ‘कनिष्ठ’ या शब्दाने घेतले जाते, आणि हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. ‘कनिष्ठ’ हे मूळ संस्कृतातील तमभाववाचक रूप होय. ‘युवन्’ आणि ‘अल्प’ या दोन्ही शब्दांच्या ठायी ‘ईयस्’ व ‘इष्ठ’ हे प्रत्यय लागताना विकल्पाने ‘कन्’ असा आदेश होतो, असे पाणिनीने सांगितले आहे. अर्थात ‘सर्वांत तरुण’ आणि ‘सर्वांत अल्प’ हे दोन्ही अर्थ या एका रूपात प्रारंभापासून एकत्र नांदत आहेत. मराठीने हे दोन्ही अर्थ जपले. ‘कनिष्ठ बंधू’ म्हणताना वय अभिप्रेत असते. ‘कनिष्ठ न्यायालय’ म्हणताना दर्जा अभिप्रेत असतो. आणि उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी या जुन्या म्हणीत तर वयाचा गंधही नाही. कनिष्ठ महिलांच्या स्पर्धेचे नाव कानी पडताच सामान्यतः दुसरा अर्थ मनात येतो आणि ही स्पर्धा म्हणजे वरिष्ठ स्पर्धेची खालच्या दर्जाची आवृत्ती होय, असा समज होतो. या समजामुळे स्पर्धेचे जे कार्य आहे त्याकडे दुर्लक्ष होते. ते कार्य कोणते, आणि त्यापासून वंचित राहणे म्हणजे काय, हे पाहावयाचे तर प्रथम पूर्वपीठिकेकडे वळले पाहिजे.

२

महिलांच्या हॉकीची संघटना पुरुषांच्या संघटनेहून स्वतंत्रपणे वाढली, ही या पूर्वपीठिकेतील मुख्य गोष्ट होय. इंग्लंडमधील मोलसी येथे महिलांचा पहिला हॉकी क्लब १८८७ साली निघाला. आयर्लंडमध्ये १८९४ साली महिलांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढल्याच वर्षी इंग्लंडमधील महिलांनी तेथील पुरुषांच्या हॉकी संघटनेकडे संलग्नतेची मागणी केली. ती नाकारण्यात आली आणि महिलांनी आपली स्वतंत्र संघटना उभारली. हीच विभागणी पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर कायम झाली. १९२४ साली पॅरिस येथे सात युरोपीय राष्ट्रांनी मिळून आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ स्थापन केला. १९२७ साली ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, दक्षिण आफ्रिका, अमेरिका आणि वेल्स या आठ देशांच्या महिला संघटनांनी आपला निराळा आंतरराष्ट्रीय महासंघ निर्माण केला.

या महिला महासंघाची दृष्टी वेगळी होती. १९३३ साली कोपनहेगन येथे, १९३६ साली फिलाडेल्फिया येथे आणि युद्धोत्तर काळात निरनिराळ्या देशांत त्याने जी संमेलने भरविली त्यांत सामने होत असत. परंतु अजिंक्यपद हा त्यांचा हेतू नव्हता. परस्पर परिचय आणि खेळाचा प्रसार यांना तेथे प्राधान्य होते. १९७५ साली एडिंबरो येथे या महासंघाने प्रथमच अजिंक्यपदाची स्पर्धा भरविली, आणि तीही दुसऱ्या महासंघाने १९७४ साली फ्रान्समधील मांदलिय येथे महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा भरविल्यानंतर. मांदलिय येथे नेदरलँड्स विजयी झाले व भारत चौथा आला. अशा रीतीने काही वर्षे महिलांच्या हॉकीत दोन जागतिक अजिंक्यपदे एकाच वेळी नांदत होती. १९८० साली मॉस्को येथे महिला हॉकीला ऑलिंपिकमध्ये प्रथम स्थान मिळाले. अनेक देशांच्या बहिष्कारामुळे सहाच संघ उतरलेल्या त्या स्पर्धेत झिंबाब्वेने सुवर्णपदक मिळविले व भारत पुन्हा चौथ्या स्थानी राहिला. त्यानंतर १९८२ साली दोन्ही महासंघांचे एकीकरण ठरले.

हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे कनिष्ठ महिलांच्या स्पर्धेला १९८९ साल का उजाडावे लागले, याचा पुष्कळसा उलगडा होतो. पुरुषांची कनिष्ठ विश्वचषक स्पर्धा १९७९ साली व्हर्साय येथे सुरू झाली व पाकिस्तानने ती जिंकली. त्या वेळी महिलांची हॉकी अद्याप दोन महासंघांत विभागलेली होती. वयोगटाची स्पर्धा चालवावयाची तर नोंदणी, जन्मतारखेची पडताळणी आणि खंडनिहाय पात्रता या सर्वांसाठी एकच अधिकारी संस्था असावी लागते. तशी संस्था महिलांना एकीकरणानंतरच लाभली. पुरुष आणि महिला यांच्या कनिष्ठ स्पर्धांमधील दहा वर्षांचे अंतर हे खेळाच्या योग्यतेचे अंतर नव्हते. त्याचे मूळ संघटनेच्या इतिहासात होते.

३

ओटावानंतरच्या पहिल्या पाच स्पर्धांचा क्रम असा आहे : १९९३ साली स्पेनमधील तेरासा येथे आर्जेन्टिना विजयी झाला, १९९७ साली दक्षिण कोरियातील सोंगनाम येथे नेदरलँड्स, २००१ साली ब्युनोस आयरिस येथे आणि २००५ साली चिलीतील सांतियागो येथे दक्षिण कोरिया, तर २००९ साली अमेरिकेतील बोस्टन येथे पुन्हा नेदरलँड्स. २०१३, २०२२ आणि २०२३ या वर्षीही नेदरलँड्सनेच विजय मिळविल्यामुळे २०२३ पर्यंत त्या देशाची पाच विजेतेपदे झाली. २०१६ सालचे विजेतेपद आर्जेन्टिनाकडे गेले.

कनिष्ठ विजेतेपद म्हणजे वरिष्ठ विजेतेपदाचे बीज, असे एक सोपे समीकरण या यादीवरून मांडण्याचा मोह होतो. आर्जेन्टिनाचे उदाहरण त्याला पोषक आहे. तेरासा येथील विजयानंतर सात वर्षांनी, २००० साली सिडनी येथे, आर्जेन्टिनाच्या महिलांनी ऑलिंपिक रौप्यपदक मिळविले. ‘सिंहिणी’ या अर्थाचे त्यांचे नाव तेथूनच रूढ झाले. आणि २००२ साली पर्थ येथे त्यांनी विश्वचषक जिंकला. परंतु इतर दोन उदाहरणे या समीकरणाच्या विरुद्ध जातात. ऑस्ट्रेलियाचा कनिष्ठ संघ १९९३, १९९७ आणि २००१ अशा लागोपाठ तीन अंतिम सामन्यांत पराभूत झाला. त्याच काळात त्या देशाच्या वरिष्ठ संघाने १९९४ व १९९८ चे विश्वचषक आणि १९९६ व २००० ची ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली. याउलट दक्षिण कोरियाने २००१ व २००५ अशी दोन कनिष्ठ विजेतेपदे मिळविली. पण १९८८ आणि १९९६ साली ऑलिंपिक रौप्यपदके मिळविणाऱ्या त्या देशाला नंतरच्या काळात ऑलिंपिक पदक लाभले नाही.

तात्पर्य, कनिष्ठ स्पर्धेतील विजय हा पुढील यशाला आवश्यकही नाही आणि पुरेसाही नाही. मग या स्पर्धेचे फळ कोणते? ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणातच त्याचे उत्तर आहे. तीन वेळा अंतिम सामना हरणाऱ्या त्या देशाच्या मुली तीनही वेळा अखेरच्या दिवसापर्यंत स्पर्धेत होत्या. परदेशातील मैदान, अनोळखी शैलीचे प्रतिस्पर्धी, बाद फेरीतील ताण यांचा अनुभव त्यांना विशी ओलांडण्याच्या सुमारास मिळाला. स्पर्धेचे फळ पदकात थोडे आणि उपस्थितीत अधिक असते. असे असेल तर ही उपस्थिती कोणाला लाभते आणि कोणाला लाभत नाही, हा प्रश्न आपोआपच महत्त्वाचा ठरतो.

४

येथे वयोरेषेचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. स्पर्धेच्या आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला खेळाडूचे वय एकवीस वर्षांपेक्षा कमी असावे, असा नियम आहे. म्हणजे २०१३ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी १९९२ ही सीमा होती. २०१६ साठी १ जानेवारी १९९५. आणि २०२१ साली नियोजित असलेल्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २०००. सतरा वर्षांच्या आतील मुलीची अशा संघात निवड होणे विरळाच. त्यामुळे व्यवहारतः सतरा ते एकवीस या पाच वयांच्या मुलींनाच ही स्पर्धा खुली असते.

स्पर्धा दर चार वर्षांनी भरत असताना याचा परिणाम काय होत असे? जी मुलगी एका स्पर्धेच्या वर्षी सतरा वर्षांची असेल, ती पुढील स्पर्धेच्या वर्षी एकवीस वर्षांची होऊन दुसऱ्यांदा पात्र ठरे. इतर सर्व जन्मवर्षांच्या वाट्याला एकच स्पर्धा येई. त्या एका वर्षी आजारपण, परीक्षा, निवड समितीची नापसंती किंवा देशाची अपात्रता यांपैकी काहीही आडवे आले, तर ती संधी कायमची गेली. वरिष्ठ खेळाडू चार वर्षे थांबू शकते. कनिष्ठ खेळाडूला थांबता येत नाही. ‘कनिष्ठ’ या शब्दातील वयाचा अर्थ येथे पूर्ण कठोरपणे प्रत्ययास येतो.

ही रेषा कठोर असली तरी अविवेकी नाही, हे २०२२ च्या स्पर्धेवरून दिसून येते. ती स्पर्धा डिसेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पोचेफस्ट्रूम येथे व्हावयाची होती. कोविडच्या नव्या लाटेमुळे ती एप्रिल २०२२ मध्ये भरविण्यात आली. वर्ष बदलले, पण सीमारेषा पूर्वीचीच ठेवण्यात आली. भारताची लालरेमसियामी ही मिझोराममधील कोलासिबची खेळाडू ३० मार्च २००० रोजी जन्मलेली; स्पर्धेचा पहिला सामना सुरू होण्यापूर्वीच तिला बावीस वर्षे पूर्ण झाली होती, तरीही ती पात्र राहिली. महामारीने हिरावलेली तारीख एका पिढीच्या खात्यावर मांडली गेली नाही. जी गोष्ट महामारीच्या बाबतीत टळली, तीच भारतातील काही मुलींच्या बाबतीत दुसऱ्या कारणाने घडली होती. तो वृत्तांत २०१३ पासून सुरू होतो.

५

२०१३ साली जर्मनीतील मोंशनग्लाडबाख येथे सोळा संघांची स्पर्धा झाली. त्यापूर्वी भारताला या स्पर्धेत एकही पदक नव्हते. सुशीला चानू हिच्या नेतृत्वाखालील संघाने उपांत्यपूर्व सामन्यात स्पेनचा ४–२ असा पराभव केला. उपांत्य सामन्यात नेदरलँड्सकडून ०–३ अशी हार पत्करली. आणि ४ ऑगस्ट रोजी कांस्यपदकासाठी इंग्लंडशी गाठ पडली. राणी रामपाल हिच्या गोलने भारताने आघाडी घेतली, उत्तरार्धात इंग्लंडने बरोबरी साधली, आणि पेनल्टी शूटआउटमध्येही निकाल निर्णायक फटक्यापर्यंत लांबला. नवनीत कौर हिने तो फटका साधून ३–२ असा विजय मिळवून दिला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून राणीची निवड झाली.

या संघातील खेळाडूंच्या जन्मतारखा पाहण्यासारख्या आहेत. कर्णधार सुशीला फेब्रुवारी १९९२ मध्ये जन्मलेली, तर वंदना कटारिया त्याच वर्षीच्या एप्रिलमधील. दोघीही सीमारेषेच्या अगदी लगत होत्या. सुशीलाचा जन्म दोन महिने अगोदर झाला असता, तर तिला या स्पर्धेचे दार बंद झाले असते. नवनीत मात्र जानेवारी १९९६ मधील, म्हणजे अवघी सतरा वर्षांची होती. या मुली मणिपुरातील इम्फाळ, हरिद्वारजवळचे रोशनाबाद, हरियाणातील शाहाबाद मारकंडा, ओडिशातील सुंदरगड अशा ठिकाणांहून आलेल्या होत्या. क्रिकेटच्या नकाशावर ठळक न दिसणारी ही गावे व हे जिल्हे महिला हॉकीचे मुख्य आधार ठरले आहेत.

पुढे काय झाले? १९८० नंतर छत्तीस वर्षांनी, २०१६ साली रिओ येथे भारताच्या महिला पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरल्या. त्या संघाची कर्णधार सुशीला चानू होती. २०२१ साली टोकियो येथे राणी रामपाल हिच्या नेतृत्वाखाली भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत प्रथमच पोहोचला. त्या संघात राणी व सुशीला यांच्यासह दीप ग्रेस एक्का, मोनिका, वंदना आणि नवनीत या मोंशनग्लाडबाखच्या खेळाडू होत्या. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ४–३ अशा विजयात वंदनाने तीन गोल केले. २०१३ च्या कांस्यपदकाचे मोल या आठ वर्षांच्या वाटचालीत आहे.

परंतु २०१६ साली सांतियागो येथे भरलेल्या कनिष्ठ स्पर्धेत भारताचा संघ नव्हता; तो पात्रच ठरला नव्हता. विजेत्यांच्या यादीत या गोष्टीला स्थान नाही, कारण अनुपस्थितीसाठी तेथे रकाना नसतो. वयोरेषेच्या दृष्टीने पाहता मात्र तिचा अर्थ स्पष्ट होतो. १९९५ व १९९६ साली जन्मलेल्या मुली निदान अठराव्या-सतराव्या वर्षी २०१३ च्या संघात येऊ शकत होत्या, आणि नवनीतसारख्या काही आल्याही. १९९७, १९९८ आणि १९९९ या तीन वर्षांत जन्मलेल्यांची स्थिती वेगळी होती. २०१३ साली त्या चौदा ते सोळा वर्षांच्या होत्या. २०२१ ची सीमा १ जानेवारी २००० होती. त्यांना २०१६ हे एकच वर्ष होते, आणि त्या वर्षी त्यांचा देश मैदानात नव्हता. तीन संपूर्ण जन्मवर्षांतील भारतीय मुलींना कनिष्ठ विश्वचषक म्हणजे काय, हे खेळून कळले नाही.

या मुलींपैकी कोणीच पुढे आली नाही, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. १९९८ साली जन्मलेली हिस्सारची उदिता टोकियोच्या संघात होती. कनिष्ठ विश्वचषक हा वरिष्ठ संघाकडे जाणारा एकमेव मार्ग नव्हे. परंतु जी पोहोचली तिचे नाव इतिहासाला ठाऊक असते. पायरी नसल्यामुळे जी खालीच थांबली तिचे नाव कोठेही नोंदले जात नाही. तिची संख्या मोजता येत नाही म्हणून ती नव्हतीच, असे अनुमान काढणे हा इतिहासलेखनातील एक जुना दोष आहे.

६

२०२२ साली पोचेफस्ट्रूम येथे पुनरागमन करणाऱ्या संघाची नेत्री झारखंडमधील सिमडेगाची सलीमा टेटे होती. वेल्स, जर्मनी व मलेशिया यांना साखळीत आणि दक्षिण कोरियाला उपांत्यपूर्व फेरीत ३–० असे नमवून हा संघ उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे नेदरलँड्सने त्याला पुन्हा ०–३ असेच हरविले. कांस्यपदकाच्या सामन्यात पुन्हा इंग्लंडच समोर होते. २–२ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये या वेळी भारत ०–३ असा पराभूत झाला. लखनौची मुमताज खान हिने या स्पर्धेत आठ गोल केले. त्या संघातील सलीमा, शर्मिला आणि लालरेमसियामी या तिघी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळून आलेल्या होत्या. म्हणजे वरिष्ठ स्पर्धा आधी आणि कनिष्ठ स्पर्धा नंतर, असा उलटा क्रम येथे घडला. यावरूनही ‘कनिष्ठ’ हा शब्द या ठिकाणी दर्जाचा वाचक नाही, हे सिद्ध होते.

यानंतरची वाटचाल संमिश्र आहे. जून २०२३ मध्ये जपानमधील काकामिगाहारा येथे दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून भारताने कनिष्ठ महिलांचा आशिया चषक प्रथमच जिंकला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मस्कत येथे चीनविरुद्ध शूटआउटमध्ये विजय मिळवून तो राखला. दरम्यान २०२३ च्या अखेरीस सांतियागो येथील विश्वचषकात मात्र भारताला नवव्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्या संघाची उपकर्णधार सातारा जिल्ह्यातील ऋतुजा पिसाळ होती. त्याच जिल्ह्यातील अक्षता ढेकळे पोचेफस्ट्रूमच्या संघात होती. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार एलिझा नेल्सन ही पुण्यात जन्मलेली. तिच्यानंतर महिला हॉकीच्या संदर्भात महाराष्ट्राचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले ते शहरातील क्लबांमुळे नव्हे, तर साताऱ्याच्या ग्रामीण भागातील मुलींमुळे, ही गोष्ट अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

स्पर्धेच्या रचनेतही महत्त्वाचा बदल झाला आहे. चार वर्षांचे अंतर जाऊन दोन वर्षांचे आले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सांतियागो येथे भरलेल्या स्पर्धेत सोळांऐवजी चोवीस संघ उतरले. या बदलाचा अर्थ आता सहज लक्षात येईल. सतरा ते एकवीस या वयांच्या मर्यादेत दोन वर्षांच्या अंतराने प्रत्येक जन्मवर्षाला किमान दोन स्पर्धा मिळतात. १९९७, १९९८ व १९९९ या वर्षांच्या वाट्याला जे आले, ते एखाद्या देशाच्या एका अपयशामुळे यापुढे सहसा घडणार नाही. वयोरेषा पुसली गेलेली नाही. ती दोनदा ओलांडण्याची मुभा मात्र मिळाली आहे.

अशा स्पर्धेचा इतिहास लिहिताना विजेत्यांच्या यादीशेजारी आणखी एक यादी ठेवावी लागेल : कोणत्या जन्मवर्षाला कोणत्या देशात किती संधी मिळाल्या, याची. पहिल्या यादीत भारताच्या नावे एक कांस्यपदक आहे. दुसऱ्या यादीत त्याच्या नावे तीन रिकामी वर्षे आहेत. इतिहासकाराला या दोन्ही नोंदी सारख्याच प्रमाण मानाव्या लागतील.